दानाचीं सहा अंगें

मातेच्या दातृत्वाविषयीं आमच्या वाङ्मयांत जितकें लिहिलें गेलें आहे तितकें दुसऱ्या कोणत्याही गुणाविषयीं क्वचितच लिहिलें गेलें असेल. जात्यावरील ओवीपासून रुपेरी पडद्यापर्यंत माता देत आहे आणि अपत्य घेत आहे हें चित्र आपण इतक्या वेळां पाहिलें आहे कीं, त्यांतील देण्याचा भाग डोळ्यांत भरून राहिला आणि घेण्याचा भाग दृष्टीआड झाला. एकानें दिलें म्हणजे दुसऱ्यास पोंचलेंच, अशी एक भोळी समजूत त्यामुळें मनांत घर करून बसली आहे. आमचे जुने धर्मशास्त्रकार या बाबतींत अधिक सावध होते. दानाचीं सहा अंगें आहेत, असें देवलाच्या नांवावर सांगतात: दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, देय वस्तु, देश आणि काल. दात्यानें आपलें स्वत्व सोडलें एवढ्यानें दान पुरें होतें, कीं घेणाऱ्यानें स्वीकार केल्यावरच तें पुरें होतें, यावर निबंधकारांत वादही झालेले आहेत. आजच्या वाचकास हा काथ्याकूट वाटेल. परंतु देणें ही एकट्याची क्रिया नाहीं, हें मोठें तत्त्व त्या काथ्याकुटांत दडलेलें आहे.

हीं सहा अंगें आम्हांस अलीकडे एका अनपेक्षित ठिकाणीं भेटलीं. तें ठिकाण म्हणजे उंदराच्या गाभण मादीचें पोट. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकाचें तेथें काय काम, असें कोणी विचारील तर त्यास आमचें उत्तर असें कीं, आमच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आमच्या वर्गाच्या बरोबर खालीं आहे आणि तेथला चहा चांगला असतो. त्या चहाच्या निमित्तानें एका स्नेह्यांच्या टेबलावर पडलेला एक शास्त्रीय लेख आम्हीं उचलला. उंदराच्या गर्भावस्थेंत वारेंत आणि पीतककोशांत अमुक एका 'रिसेप्टर'चें 'एक्स्प्रेशन' कसें होतें, असा त्याचा विषय होता. यांतील दुसरा शब्द आमच्या धंद्याचा. कवीच्या अंतःकरणांतील भाव शब्दांत उतरला म्हणजे अभिव्यक्ति झाली, असें आम्ही तीस वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों आहों. आपल्या घरची वस्तु परक्याच्या घरांत दिसली म्हणजे मनुष्य जसा थबकतो तसे आम्ही थबकलों, आणि त्या स्नेह्यांस त्याचा अर्थ विचारला.

त्यांनीं सांगितलेला अर्थ आमच्या अर्थाहून फार दूर नव्हता. प्राण्याच्या शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशींत जनुकांचा तोच संग्रह असतो. जणूं प्रत्येक घरांत एकच ज्ञानकोश ठेवलेला आहे. पण सर्व घरांत सर्व पानें वाचलीं जात नाहींत. यकृताची पेशी कांहीं पानें उघडते, मज्जेची पेशी दुसरीं उघडते, आणि जें पान वाचलें जातें त्याप्रमाणें प्रथिन घडतें. हें वाचलें जाणें आणि घडणें म्हणजेच जनुकाची अभिव्यक्ति. तेव्हां कोणत्या पेशींत कोणतें पान कोणत्या दिवशीं उघडलें, हें पाहिल्यानें त्या पेशीचा व्यवसाय कळतो. रिसेप्टर हा शब्द राहिला. त्यास मराठींत कोणी ग्राही म्हणतात, कोणी ग्राहक. आम्हांस ग्राहक शब्द पसंत आहे. कारण दुकानांत शंभर वस्तु मांडलेल्या असतां आपणांस हवी तीच नेमकी उचलणारा असा जो अर्थ त्यांत आहे, तोच येथें अभिप्रेत आहे. पेशीच्या कांठावर उभें राहून समोरून वाहत जाणाऱ्या असंख्य द्रव्यांतून एकास ओळखणारें आणि धरणारें प्रथिन, तो ग्राहक.

आतां ज्या देय वस्तूविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे ती वस्तु म्हणजे मातेच्या रक्तांतील प्रतिपिंडें. मातेनें ज्या रोगांशीं झुंज दिली, किंवा जिच्याकरितां लस टोंचून घेतली, त्या रोगांच्या विषांस व जंतूंस ओळखणारीं हीं प्रथिनें होत. नवजात अर्भकास आपलीं प्रतिपिंडें पुरेशीं घडविण्यास अवधि लागतो, आणि रोग तर त्याची वाट पाहत थांबत नाहींत. मधल्या काळांत मातेचीं प्रतिपिंडें त्याचें रक्षण करितात. हें रक्षण असतें, याचा पहिला निर्णायक पुरावा उंदरांनींच दिला, आणि त्या कथेंतील एक पात्र मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचें आहे.

तें पात्र म्हणजे गुंज. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, या हिशेबानें आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या सोनें तोललें गेलें. त्याच तांबड्या-काळ्या बीमध्यें अॅब्रिन नांवाचें जहाल विष आहे, आणि एरंडाच्या बीमध्यें त्याचेंच भावंड शोभेल असें रिसिन आहे. बर्लिनमध्यें पॉल एर्लिख यांनीं हीं दोन विषें अत्यल्प प्रमाणापासून चढवीत नेऊन उंदरांस त्यांची संवय केली. इतकी कीं, साध्या उंदरास ठार करणारी मात्रा या उंदरांस बाधेनाशी झाली. मग त्यांनीं विचारलें कीं, ही शक्ति पिलांत उतरते काय, आणि उतरत असल्यास कोणाकडून? १८९२ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेलें उत्तर असें होतें: बाप संरक्षित आणि आई साधी असेल तर पिलांस कांहींच मिळत नाहीं, आई संरक्षित असेल तर मिळतें. एवढ्यावर न थांबतां त्यांनीं दायांची अदलाबदल केली. साध्या आईचीं पिलें संरक्षित मादीच्या अंगावर पाजण्यास ठेवलीं, तेव्हां तीं परकीं पिलेंही विषास पुरून उरूं लागलीं. म्हणजे दूध हीही एक वाट होती. शिवाय हें संरक्षण कांहीं काळानें ओसरलें आणि नातवंडांच्या पिढीस मिळालें नाहीं. वंशपरंपरेनें आलेलें धन असें ओसरत नाहीं. तेव्हां हा वारसा नसून उसनवारी आहे, हें एर्लिख यांनीं ओळखलें. याच एर्लिख यांनीं पुढें १९००च्या सुमारास रिसेप्टर हा शब्द शास्त्रांत रूढ केला, आणि १९०८ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु आपल्या उंदरांच्या पोटांत त्याच नांवाचा एक पदार्थ हें उसनें वाहून नेत होता, हें त्यांच्या हयातींत कोणास कळलें नाहीं. त्यांचे निधन १९१५ मध्यें झालें.

त्या पदार्थाचा माग वेल्समधील बँगर येथें लागला. तेथें प्राणिशास्त्राचे प्राध्यापक असलेले फ्रान्सिस ब्रॅम्बेल हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत रानसशांचा अभ्यास करीत होते, आणि त्या वाटेनें ते मातेच्या रक्तांतील प्रथिनें गर्भापर्यंत कशीं पोंचतात या प्रश्नावर आले. प्रतिपिंडें वारेतून जात असावींत असा सर्वांचा साहजिक तर्क होता. कारण वार ही माता आणि गर्भ यांमधील राजमार्ग. सशांत मात्र तीं त्या राजमार्गानें न जातां पीतककोशाच्या आडवाटेनें जातात, असें त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस आढळलें. दुसरें आश्चर्य असें कीं, ही वाट सर्वांस सारखी मोकळी नव्हती. पाजत्या उंदरांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत एका प्राण्याचें रक्तद्रव्य पुष्कळ मिसळलें कीं दुसऱ्याचीं प्रतिपिंडें कमी शोषलीं जात. जणूं नावेंत जागा मोजक्याच होत्या. नाव मोजक्या जागांची आहे आणि नावाडी माणसें पारखून घेतो, यावरून ब्रॅम्बेल यांनीं १९५८च्या सुमारास असा सिद्धान्त मांडला कीं, पेशींत प्रतिपिंडांस धरणारे ग्राहक असले पाहिजेत. प्रत्यक्ष ग्राहक कोणीं पाहिला नव्हता. तो हातीं लागण्यास १९८९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं सिमिस्टर आणि मॉस्टोव्ह यांनीं उंदीरजातीच्या पिलाच्या आंतड्यांतील त्याचें जनुक वेगळें केलें. ब्रॅम्बेल १९७० मध्येंच वारले होते. ज्यांनीं हयात पशूंच्या गर्भकोशांत घालविली त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीनें १९६५ मध्यें इंग्लंडांतील शेतीच्या जनावरांस निदान उठतां-बसतां यावें, वळतां यावें, अंग ताणतां यावें एवढी मोकळीक असावी असें बजावलें, ही गोष्टही त्यांच्याविषयीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या ग्राहकास एफसीआरएन म्हणतात. नवजात पिलांत प्रथम सांपडला म्हणून त्याच्या नांवांत नवजात शब्द आहे, वस्तुतः तो आयुष्यभर आपल्या शरीरांत राबत असतो. त्याची युक्ति अत्यंत साधी आहे. किंचित आंबट द्रवांत तो प्रतिपिंडास घट्ट धरतो, आणि रक्तासारख्या न-आंबट द्रवांत सोडून देतो. पेशी बाहेरचा द्रव घोट घोट गिळते. गिळलेल्या घोटाभोंवतीं इवलीशी पिशवी तयार होते आणि ती आंतून आंबट होत जाते. त्या पिशवींतील बहुतेक प्रथिनें पुढें पचनाच्या खाईंत जातात. परंतु ग्राहकानें धरलेलें प्रतिपिंड त्या खाईंतून वांचतें, पेशीच्या दुसऱ्या कांठाला येतें, आणि तेथें रक्ताचा स्पर्श होतांच मोकळें होतें. रिकामा ग्राहक पुढील खेपेस परततो. तो सर्व जातींचीं प्रतिपिंडें नेत नाहीं. आयजीजी नांवाच्या एकाच जातीस तो ओळखतो, आणि आयजीएमसारखी मोठी जात कांठावरच राहते.

येथपर्यंत दाता, देय आणि प्रतिग्रहीता हीं तीन अंगें झालीं. आतां देश. आमच्या मतें या विषयांतील खरी गोडी येथेंच आहे. कोंबडीच्या अंड्यांतील पिवळा बलक आपण सर्वांनीं पाहिला आहे. अंड्यांतील पिलूं त्या बलकाभोंवतीं एक पातळ पिशवी वाढवितें आणि तिच्या द्वारां बलक शोषून घेतें. ती पिशवी म्हणजे पीतककोश. कोंबडी आपलीं प्रतिपिंडें त्या बलकांत भरून ठेवते, आणि पिलूं तीं पीतककोशांतून आपल्या रक्तांत घेतें. जणूं प्रवासास निघालेल्या मुलाच्या शिदोरींत आईनें अगोदरच सर्व बांधून दिलेलें आहे. पुढें पिलांस पोटांत वाढविणारे प्राणी झाले. बलक संपला, अंड्याचें कवच गेलें, वार आली. परंतु पीतककोशाची पिशवी गेली नाहीं. कुळांत जुनें भांडें राहावें आणि त्याचा उपयोग बदलावा तसें तिचें झालें. मनुष्याच्या गर्भांत ती पहिल्या कांहीं आठवड्यांत रक्ताच्या आद्य पेशी घडविण्याचें वगैरे काम करते आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वाळून जाते. उंदराच्या गर्भांत मात्र ती शेवटपर्यंत टिकते, आणि एवढेंच नव्हे तर उलटी होते. उंदराचा गर्भकाल अवघा एकोणीस-वीस दिवसांचा. त्याच्या शेवटच्या दिवसांत पीतककोशाचें बाहेरील आवरण फाटून नाहींसें होतें, आणि एरवीं आंत बलकाकडे तोंड करून असलेल्या पेशी गर्भाशयाच्या पोकळीकडे तोंड करून उघड्या पडतात. ज्या पेशी कोंबडीच्या घरीं शिदोरी उपसत होत्या, त्याच पेशी उंदराच्या घरीं मातेच्या दारांत ओंजळ धरून उभ्या राहतात.

उंदरास वार नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. ती आहे, आणि प्राणवायु व पोषण यांची सारी देवघेव तिच्याच चक्रव्यूहासारख्या भागांत चालते. परंतु मातेचें रक्त आणि गर्भाचें रक्त यांच्यामध्यें तेथें पेशींचे तीन थर आहेत, आणि प्रतिपिंडांची ने-आण तेथून होत नाहीं. २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं ही गोष्ट पक्की झाली: एफसीआरएन उंदराच्या पीतककोशाच्या त्या उलट्या पेशींत आढळला, आणि ज्या गर्भांत त्याचें जनुकच काढून टाकलेलें होतें त्यांस मातेचीं प्रतिपिंडें मिळालीं नाहींत. त्याच पीतककोशांत प्रतिपिंडांस धरणारा एक दुसराही ग्राहक दिसतो. साहजिकच त्याच्यावरही वाहतुकीचा संशय होता. १९१०च्या काळांतील शास्त्रज्ञ असते तर दिसला म्हणून कामाचा, असें म्हणून मोकळे झाले असते. परंतु तो नसलेल्या गर्भांसही प्रतिपिंडें यथास्थित मिळतात, असें २०१० मध्यें दाखविण्यांत आलें. अभिव्यक्ति झाली म्हणजे कार्य झालें असें नव्हे, हा धडा आम्हीं त्या लेखावरून घेतला. आणि आमच्या कवितेच्या वर्गांतही तो उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

मनुष्याच्या बाबतींत देश बदलतो. पीतककोश लौकर निवृत्त झाल्यामुळें तें काम वारेनेंच पत्करलें. तिच्या बाहेरील, मातेच्या रक्तांत न्हात असलेल्या थरांत तोच एफसीआरएन आहे. १९९४ मध्यें मनुष्याच्या वारेंतून त्याचें जनुक वेगळें करण्यांत आलें. निसर्गानें नावाडी तोच ठेवला, घाट तेवढा बदलला. पक्ष्यांत तर याहून विलक्षण प्रकार आहे: तेथें घाट जुनाच आहे, पण नावाडी दुसऱ्याच कुळांतला आहे, कोंबडीच्या पीतककोशांतील ग्राहकाचें घडणीचें नातें एफसीआरएनशीं मुळींच नाहीं. एकच काम दोन कुळांतील प्रथिनांनीं स्वतंत्रपणें शिकून घेतलें. यावरून एक व्यावहारिक इशाराही निघतो. गर्भिणीस द्यावयाचीं औषधें प्रथम उंदरांवर पारखलीं जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या प्राण्याचा दरवाजा पीतककोशांत आहे त्याच्यावरून ज्याचा दरवाजा वारेंत आहे त्याच्याविषयीं निकाल देतांना हिशेब जपून मांडला पाहिजे.

आणखी एक गोष्ट सहज निसटून जाते म्हणून येथें ठळकपणें सांगतों. पीतककोश काय किंवा वारेचा तो बाहेरील थर काय, हे दोन्ही गर्भाचे अवयव आहेत, मातेचे नव्हेत. गर्भाच्या बीजापासूनच ते घडतात. म्हणजे मातेच्या दारांत पसरलेला हात हा खरोखर अपत्याचा हात आहे. मातेनें दिलें आणि अपत्य निमूटपणें भरलें गेलें, असें जें चित्र आपण रंगवीत आलों त्यांत अपत्यास अगदींच मातीचा गोळा केलेलें आहे. वास्तविक, जन्मास येण्यापूर्वींच तें मागावयास आणि पारखून घ्यावयास शिकलेलें असतें.

कालाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. मनुष्याच्या गर्भास हें दान मुख्यत्वें शेवटच्या महिन्यांत मिळतें, आणि पूर्ण दिवसांच्या अर्भकाच्या रक्तांत आयजीजीचें प्रमाण मातेइतकें किंवा तिच्याहून अधिकही असतें. लौकर जन्मलेल्या बाळास हा शेवटचा हप्ता चुकतो. तें रोगांस अधिक लौकर बळी पडतें त्याचें हें एक कारण आहे. उंदराच्या पिलास जन्मानंतरही सुमारें दोन-अडीच आठवडे आईच्या दुधांतून प्रतिपिंडें घेतां येतात. एर्लिख यांच्या दायांनीं दाखविलेली वाट हीच, आणि आंतड्यांतील ग्राहकही तोच. गाईम्हशींची व्यवस्था तिसरीच. वासरूं जन्मतें तेव्हां त्याच्या रक्तांत मातेचीं प्रतिपिंडें जवळजवळ नसतातच. सारें दान पहिल्या चिकांत येतें, आणि तें रक्तांत घेण्याची आंतड्याची शक्ति जेमतेम एका दिवसांत संपते. आम्ही खरवसाचे भक्त आहों आणि पुढेंही राहूं. परंतु पहिल्या धारेचा चीक शेजारीं वांटण्यापूर्वीं वासराचें पोट भरलें कीं नाहीं हें पाहणाऱ्या जुन्या गवळ्यांस प्रतिपिंडें ठाऊक नसतांही देश, काल आणि पात्र यांचें ज्ञान होतें, एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

श्रद्धेचें अंग मात्र या रसायनांत कोठें दिसत नाहीं. ग्राहक प्रतिपिंडाचा दांडा ओळखतो. त्याच्या टोंकाशीं मित्र आहे कीं शत्रु आहे हें पाहत नाहीं. आरएच रक्तगटाच्या विरोधांत मातेच्या रक्तांत तयार झालेलीं प्रतिपिंडें गर्भाच्याच रक्तपेशी फोडतात, आणि त्यांसही हाच नावाडी तितक्याच इमानानें पैलतीरीं पोंचवितो. जी वाट औषध नेते तीच विषही नेते. मातेची माया तेथें मध्यें पडूं शकत नाहीं, आणि मातेचा रागही पडूं शकत नाहीं. हें प्रथम कळलें तेव्हां आम्हांस थोडें उदास वाटलें. नंतर असें वाटूं लागलें कीं, यांतच एका मोठ्या दुःखावरील उतारा आहे.

तें दुःख आमच्या घरचें आहे. आमच्या आधीं आमच्या आईस एक मुलगा झाला होता. साल १९६६, गांव आडवळणाचें. नाळ विळ्यानें कापली आणि तिच्यावर राख दाबली, असें आई सांगते. पांचवीची पूजा यथासांग झाली. सटवाईपुढें कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सहाव्या दिवशीं मूल अंगावर पिईनासें झालें, त्याचा जबडा मिटला, अंग धनुष्यासारखें ताणलें, आणि आठव्या दिवशीं तें गेलें. बायकांनीं म्हटलें, सटवीनें नेलें. घरांतील एका वडीलधाऱ्या बाईंनीं मात्र म्हटलें कीं, हिच्या दुधांतच दोष होता. आणि तें वाक्य आईच्या काळजांत रुतून बसलें. तीन वर्षांनीं तालुक्याच्या दवाखान्यांत आमचा जन्म झाला, तेव्हां तिनें आम्हांस तीन दिवस पाजलें नाहीं. पहिलें दूध ती पिळून टाकीत असे. आम्ही वांचलों, शिकलों, प्राध्यापक झालों. परंतु त्या पहिल्या मुलाची गोष्ट निघाली कीं ती अजूनही आपल्या पदराकडे पाहते.

गेल्या वर्षीं आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली. गर्भिणीस धनुर्वाताची जी लस देतात ती तिनें घेतली. पूर्वीं त्या लसीस टीटी म्हणत, आतां तिच्या जागीं टीडी आली आहे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिनें नातीच्या दंडाकडे पाहून आम्हांस विचारलें, "अरे, रोग व्हायचा पोटांतल्या लेकराला, आणि सुई हिच्या दंडांत कां?" प्रश्न मोठा मार्मिक होता. आम्हीं तिला गुंजेची गोष्ट सांगितली, उंदरांची सांगितली, नावाड्याची सांगितली. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि मग हळूच विचारलें, "माझ्या वेळीं ही सुई नव्हती का रे?"

"तुला कोणी दिली नाहीं, आई."

"मग दुधाचा दोष नव्हता म्हणतोस?"

"नव्हता. तो धनुर्वात होता. आणि धनुर्वाताचें विष इतकें थोडें आणि इतकें जहाल, कीं तो रोग होऊन वांचलेल्याच्या अंगांतही पुढल्या खेपेसाठीं संरक्षण येत नाहीं. लस टोंचल्यावांचून तें कोणाच्याच अंगांत नसतें. तुझ्या अंगांत नव्हतें, गांवांत कोणाच्याच नव्हतें."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे दार उघडें होतें, घरांत दाणा नव्हता."

आमच्या स्नेह्यांच्या टेबलावरील सर्व लेखांचें सार याहून थोडक्या शब्दांत सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. त्या मुलाचा हात पसरलेला होता. वारेच्या कांठावर त्याचे ग्राहक जागेवर होते आणि शेवटच्या महिन्यांत त्यांनीं आईच्या रक्तांतलीं असतील नसतील तीं सारीं प्रतिपिंडें उचलून नेलीं असतील. देवीचीं नेलीं असतील, गोवराचीं नेलीं असतील. देश ठीक होता, काल ठीक होता, पात्र ठीक होतें. देय वस्तु मात्र नव्हती, आणि ती आणून देणें हें कोणत्याही एका मातेच्या हातचें नव्हतें. तें समाजाचें काम होतें, आणि समाजानें तें उशिरां हातीं घेतलें. त्या काळीं असें हजारों घरांत झालें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें १९८८ या एका वर्षांत जगांत सुमारें ७,८७,००० अर्भकें धनुर्वातानें गेलीं. गर्भिणींस लस, स्वच्छ पातें आणि दवाखान्यांतील बाळंतपण यांच्या योगानें २०१५ मध्यें हा आंकडा सुमारें ३४,००० वर आला. आणि त्याच वर्षीं भारतांतून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचें सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनें निर्मूलन झाल्याचें या संघटनेनें मान्य केलें. आंकडे बोलके असतात असें म्हणतात. परंतु त्या प्रत्येक आंकड्यामागें आपल्या पदराकडे पाहणारी एक बाई होती, हें ते सांगत नाहींत.

हें दान चिरकाल टिकत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. मातेच्या आयजीजीपैकीं निम्में सुमारें तीन आठवड्यांत सरतें, उरलेल्यांतलें निम्में पुढल्या तीन आठवड्यांत. असें होतां होतां कांहीं महिन्यांत ओंजळ रिकामी होते. तोंवर बाळानें आपलें घडवावयास शिकलें पाहिजे, आणि त्यास शिकविण्याकरितां दीड महिन्याच्या सुमारास त्याच्या स्वतःच्या मांडींत सुई जाते. मातेनें जन्मभर पुरेल असें कांहीं दिलें नाहीं म्हणून या दानास कमी लेखूं नये. स्वतःच्या पायांवर उभें राहीपर्यंतचा आधार हेंच सर्व खऱ्या शिक्षणाचें मोल असतें, आणि आम्ही अध्यापक तरी याहून अधिक काय देतों?

राहतां राहिलें श्रद्धेचें अंग. तें आम्हीं पीतककोशांत शोधलें, वारेंत शोधलें, कोठेंच सांपडलें नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं सांपडण्यासारखी ती वस्तुही नव्हे. परंतु ज्या रोगाचें नांव आपल्या पिढीस जवळजवळ ठाऊक नाहीं, ज्या मुलाचें तोंड अजून पाहिलेलें नाहीं, त्याच्याकरितां एखादी स्त्री आपला दंड पुढें करते, तेव्हां तें अंग कोठें असतें हें आम्हांस कळतें. आमच्या नातीचा जन्म पूर्ण दिवसांनीं झाला. तिच्या पांचवीच्या पूजेस आईनें सटवाईपुढें कोरा कागद आणि लेखणी पूर्वींप्रमाणेंच ठेवली, आणि पहिल्या तासापासून नातसुनांस-नातींस पाजण्याचा आग्रह धरणाऱ्या घरांतील पहिली म्हातारी होण्याचा मान मिळविला. तिच्या या दोन कृतींत आम्हांस कांहीं विसंगति दिसली नाहीं.